फुकटची १६० एकर जमीन: नेब्रास्कातल्या जर्मन शेतकऱ्याची पहिली काही वर्षं नेमकी कशी जात?

कोरडवाहू यांचा प्रश्न

मंडळी, जर्मनीहून अमेरिकेतल्या नेब्रास्कात गेलेल्या एका शेतकरी कुटुंबावर दीर्घकथा लिहिते आहे. तपशिलात चूक नको, म्हणून जाणकारांना विचारते.

कथेतला माणूस ओल्डेनबर्गच्या दक्षिण भागातला. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. १८७२च्या वसंतात बायको आणि दोन मुलांसह थेट नेब्रास्कात उतरतो, फुकट जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर मिळवतो, त्याच वर्षी गहू पेरतो, काटेरी तारेचं कुंपण घालतो. १८७४ साली टोळधाड येते.

मला हवं आहे ते असं: जमिनीचे कागद कसे होत? कधीही न नांगरलेली जमीन तो मोडतो कशी, दिवसाला किती? लाकूड नसताना घर कशाचं? (सध्या तरी तो ते एकट्यानं दोन दिवसांत उभारतो.) आणि मुख्य म्हणजे, जमीन फुकट होती तर इतके लोक ती सोडून का गेले?

---

दस्तऐवज

कागदांपुरतं मी सांगतो.

कायद्यावर सही झाली २० मे १८६२ला, अंमल १ जानेवारी १८६३पासून. अर्जदार कुटुंबप्रमुख हवा किंवा २१ वर्षं पूर्ण केलेला. एकटी बाई किंवा विधवा अर्ज करू शके; नवऱ्यासोबत राहणारी बायको स्वतःच्या नावानं करू शकत नसे. नागरिकत्व लगेच लागत नसे, पण नागरिक होण्याचा इरादा कोर्टात जाहीर केलेला असावा लागे. याला लोक ‘पहिले कागद’ म्हणत. त्यात जुन्या राजाची निष्ठा सोडतो असं लिहून द्यावं लागे. तुमचा माणूस १८७२ला लिहून देतोय म्हणजे ओल्डेनबर्गच्या ग्रँड ड्यूकऐवजी जर्मन सम्राटाचं नाव येईल. साम्राज्य वर्षभरापूर्वीच झालेलं. प्रसंग म्हणून छान आहे, सोडू नका.

खर्च १६० एकरांना एकूण १८ डॉलर: १४ अर्जाच्या वेळी, ४ शेवटी. पाच वर्षं तिथं राहणं आणि कसणं बंधनकारक. सलग सहा महिन्यांहून जास्त जागा सोडली तर दुसरा कुणीही ‘यानं जमीन टाकली’ अशी तक्रार करू शके आणि दावा जाई. पाच वर्षांनी, पण अर्जापासून सात वर्षांच्या आत, दोन साक्षीदार घेऊन शेवटचा पुरावा द्यायचा: घर केवढं, किती एकर मोडली, विहीर आहे का, कोण कोण राहतं. तोवर पूर्ण नागरिकत्वही झालेलं हवं. मग वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्षांच्या नावानं मालकीपत्र येई, त्याला पेटंट म्हणत. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेता येई.

आता तुमच्या कथेतली गोची. सरकारनं रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा बुद्धिबळाच्या पटासारखा वाटून दिला होता: विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वेचे, सम क्रमांकाचे सरकारचे. (सेक्शन म्हणजे एक मैल लांब, एक मैल रुंद, ६४० एकर, ३६ सेक्शनांची एक टाउनशिप, त्यातले १६ आणि ३६ क्रमांक शाळांसाठी राखीव.) या पट्ट्यातल्या सरकारी जमिनीचा दर दुप्पट धरलेला, त्यामुळे तिथं होमस्टेडवर ८०च एकर मिळत. १६० एकरांची मुभा आली १८७९ला. संघराज्याच्या सैन्यात लढलेल्यांना त्याआधीच सूट होती, पण तुमचा माणूस काही यादवी युद्धात नव्हता. तेव्हा एकतर त्याला ८० एकर द्या, नाहीतर स्टेशनापासून लांब नेऊन टाका.

जमिनीचं वर्णन लिहाल तेव्हा गावाचं नाव आणि चतुःसीमा लिहू नका. तिथं ते असं असे: ‘सहाव्या मुख्य रेखावृत्ताच्या पूर्वेस रेंज ३, टाउनशिप ९ उत्तर, सेक्शन १४चा वायव्य चतुर्थांश’. नदी, ओढा, वडिलांचं नाव, काहीही नाही. कोपऱ्यांवर मोजणीदारानं ठोकलेली खुंटी किंवा मातीचा उंचवटा, बस्स. ती खुंटी गवतात शोधणं हेच पहिलं काम.

---

तिफण

नांगरटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण कथाकादंबऱ्यांत इथंच सगळे घसरतात.

प्रेअरीवरचं, म्हणजे तिथल्या मोकळ्या माळावरचं, गवत म्हणजे कुरण नव्हे. उंच निळसर गवताची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात आणि वरचा अर्धा-पाऊण फूट थर तर मुळांचं घट्ट विणलेलं घोंगडंच असतं. हरळी खणलेल्या माणसाला थोडी कल्पना येईल. या थराला ते ‘सॉड’ म्हणत. जुना ओतीव लोखंडाचा नांगर इथं दोन कारणांनी हरे: मुळं तुटत नसत, आणि खालची काळी माती फाळाला चिकटून बसे, दर थोड्या पावलांवर थांबून खरवडावी लागे. गुळगुळीत पोलादी फाळावरून ती माती घसरते. १८३७ला जॉन डीअरनं इलिनॉयमध्ये असा नांगर बनवला, तो याचसाठी. १८७२पर्यंत तो सर्रास मिळे.

मोडणीचा नांगर मात्र वेगळा, रोजच्या नांगरटीचा नव्हे. लांबट, आडवा, पुढं थर उभा कापणारं गोल किंवा सुरीसारखं पातं, आणि माती उलटवण्यासाठी पत्र्याच्या पंखाऐवजी बरेचदा वाकवलेल्या तीन-चार सळया, म्हणजे घर्षण कमी. फाळ दिवसातून कितीतरी वेळा कानसीनं घासावा लागे. बोथट फाळ मुळं कापत नाही, थर फाडतो. तो नीट उलटत नाही आणि गवत पुन्हा उभं राहतं. चौदा इंची नांगराला तीन बैलजोड्या किंवा तीन-चार दणकट घोडे. चोवीस इंचीला पाच-सहा बैलजोड्या. एवढं बळ ठेकेदाराकडेच असे आणि तो एकरी अडीच ते पाच डॉलर घेई.

दिवसाला किती? साधारण एक एकर, फार तर दीड-दोन. साधा हिशेब करा: चौदा इंच रुंदीच्या तासानं (नांगराच्या चरीनं) एक एकर उलटायचा तर सात मैल चालावं लागतं. वळणं, कानस, बैलांची विश्रांती धरली की दिवस संपला.

वेळ चुकली तर सगळं वाया. मोडायचं मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, गवत जोरात वाढत असताना. तेव्हा मुळांतला साठा वर गेलेला असतो, कापलेलं गवत कुजून मरतं. लवकर मोडलं तर ते उलट्या थरातून डोकं काढतं. जुलै-ऑगस्टात मोडलं तर थर विटेसारखा वाळतो, कुजत नाही, पुढच्या वर्षी कुळव त्यावरून उड्या मारत जातो. खोली दोन-तीन इंचच. जर्मनीतून आलेला माणूस सवयीनं खोल घालू पाहतो आणि फसतो: जाड थर कुजायला दुप्पट वेळ लागतो, बैल थकतात ते वेगळंच. मग ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच जमिनीला दुसरी नांगरट, इंच-दोन इंच जास्त खोल, म्हणजे कुजलेला थर परत वर येऊन मातीत मिसळतो.

म्हणून पहिल्या वर्षी गहू नाही! पहिल्या वर्षी ‘सॉडचा मका’. दर तिसऱ्या तासात कुऱ्हाडीनं उलट्या थराला चीर पाडायची, तीन-चार दाणे टाकायचे, टाचेनं दाबून बंद. खुरपणी नाही, कारण तण उगवतच नाही. पाऊस नीट झाला तर थोडी कणसं, नाहीतर निदान कडबा. बटाटेही थराखाली सरकवून देत. गहू दुसऱ्या वसंतात, तोही कुजून तयार झालेल्या तुकड्यावर. एका माणसाला पहिल्या वर्षी पाच ते दहा एकर मोडणं जमलं तरी बरं; १६० एकरांतले दीडशे गवतच राहत.

बैल द्या, घोडे नको. बैल गवतावर काम करतो. नांगराचा घोडा ओट-मका खातो, आणि पहिल्या वर्षी घरात माणसांना पुरेल एवढाही दाणा नसतो.

घर. पहिला हिवाळा बहुधा ओढ्याच्या काठाला खोदलेल्या बिळात: मागं टेकाड, पुढं सॉडची भिंत, दार, एक खिडकी. नीट सॉडचं घर पुढच्या वर्षी. थर ओला असताना नांगरानं एक फूट रुंद, चार इंच जाड पट्टी काढायची, फावड्यानं तीन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि त्याच दिवशी लावायचे. वाळले की कडा झडतात. गवताची बाजू खाली. सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, दर तिसरा थर आडवा घालून भिंत बांधून घ्यायची. भिंत दोन-तीन फूट जाड. १६ बाय २० फुटांचं, आठ फूट उंच घर धरलं तर दोन फुटी भिंतींनाच हजारावर तुकडे लागतात, एकेक तुकडा पस्तीस-चाळीस किलोचा. आता तुमचा माणूस हे एकट्यानं ‘दोन दिवसांत’ उभारत नाही, हे लक्षात आलं असेल.

खिडकीच्या चौकटीवर चार-पाच इंच फट सोडून त्यात गवत-चिंध्या कोंबत. भिंती वर्षभर बसत जातात. फट नसेल तर काच तडकते. छप्पर हे खरं दुखणं. आढं कॉटनवुडचं, वर फांद्या, गवत, पुन्हा सॉड. मोठा पाऊस झाला की बाहेर उघडल्यावरही आत दिवसभर चिखल गळत राहतो, आणि ओल्या छपराच्या वजनानं आढं मोडण्याची भीती. आतून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत, माती आणि साप ताटात पडू नयेत म्हणून. बाकी हिवाळ्यात ऊबदार, उन्हाळ्यात गार, आणि वणव्यात जळत नाही.

---

हिशेबनीस

‘थेट नेब्रास्कात उतरतो’ यालाच माझी हरकत आहे. उतरतो कशाच्या बळावर?

तुमचा माणूस ज्या भागातला आहे तिथं अशा शेतमजूर-कुळाला ‘हॉयरलिंग’ म्हणत. मोठ्या शेतकऱ्याकडून झोपडं आणि जमिनीचा तुकडा खंडानं, आणि बदल्यात तो बोलावील तेव्हा, म्हणजे नेमकं स्वतःचं पीक कापायच्या दिवशी, त्याच्या शेतावर हजर व्हायचं. शेत एकाच वारसाकडे जाई, म्हणून बाकीची भावंडंही याच वर्गात ढकलली जात. (नैर्ऋत्य जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्गकडे उलट: सगळ्यांना वाटा, शेवटी प्रत्येकाकडे रुमालाएवढी शेतं. दोन्ही वाटा बंदरावरच जात.) हॉयरलिंगचा जोडधंदा दोन: घरी तागाचं सूत-कापड आणि उन्हाळ्यात हॉलंडला गवत कापायला जाणं. यंत्राच्या सुतानं पहिला मारला, आणि गावची सामाईक कुरणं वाटली गेली तेव्हा त्याची गायही गेली. असा माणूस अमेरिकेत पोचतो तेव्हा त्याच्याकडे प्रवासाचं भाडं भागून फारसं काही उरलेलं नसतं.

इकडे शेत उभं करायला काय लागतं? बैलजोडी शंभर डॉलरच्या आसपास, गाडी जवळपास तेवढीच, मोडणीचा नांगर, गाय, चूल, पहिलं पीक येईपर्यंत वर्ष-दीड वर्षाचं पीठ-मीठ, बियाणं. सगळं मिळून पाचशे ते हजार डॉलर धरा. जमीन १८ डॉलरांना, शेत हजाराला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

म्हणून खरा क्रम असा असे. ब्रेमरहाफेनहून जहाज. १८६८पासून नॉर्थ जर्मन लॉइडची जहाजं थेट बाल्टिमोरला लागत आणि धक्क्यावरूनच बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे पश्चिमेला नेई. न्यूयॉर्कला उतरवायलाच हवं असं नाही. मग इलिनॉय, आयोवा किंवा विस्कॉन्सिनमध्ये नात्यातल्या किंवा गावातल्या कुणाकडे. तिथं सालगडी म्हणून दोन-चार वर्षं, जेवूनखाऊन महिना पंधरा-वीस डॉलर. मग खंडानं शेत, त्यातून जनावरं. आणि नंतर स्वतःची गाडी-बैल घेऊन पश्चिमेला. तुमच्या माणसाला १८६८ला समुद्र ओलांडू द्या आणि १८७२ला नेब्रास्कात आणा. कथा बिघडत नाही, उलट बायकोनं चार वर्षं परक्या स्वयंपाकघरात काढलेली हाताशी येतात.

दुसरं: जर्मन म्हणजे होमस्टेडर हे समीकरणही डोक्यातून काढा. पुष्कळांनी जमीन विकतच घेतली. एकतर रेल्वेकडून (बर्लिंग्टन रेल्वे नेब्रास्का-आयोवातली जमीन दहा वर्षांच्या हप्त्यानं, सहा टक्के व्याजानं विके, जाहिराती जर्मनमध्येही) किंवा आधीच्या यांकी (इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन) मालकाकडून, जो दहा-वीस एकर मोडून, भाव आला की विकून पुढं सरके. जर्मन माणूस चर्च, नातलग आणि आपली बोली बोलणारा शेजार बघून जागा निवडे. त्यासाठी पैसे मोजी. विस्कॉन्सिनमध्ये तर हे फारच दिसतं.

आता कर्ज. जमिनीचं पेटंट हातात येईपर्यंत ती गहाण ठेवता येत नाही, म्हणून पहिली पाच वर्षं कर्ज बैल, गाडी आणि उभ्या पिकावर. व्याज महिन्याला दोन-तीन टक्क्यांपर्यंत. एक बैल मेला की नांगर थांबला, नांगर थांबला की हप्ता थांबला, सावकार दुसरा बैल नेतो. त्यात सप्टेंबर १८७३ला बँका कोसळल्या. पेटंट आल्यावर जमीन गहाण टाकून वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी पैसे मिळत, आणि बरेच जण पेटंट घेतात त्याच आठवड्यात गहाणखत करतात ते जुनी देणी फेडायला.

---

कोरडवाहू

बापरे. म्हणजे गहू गेला, ‘थेट’ गेलं, ८० एकर गेले! पण हेच हवं होतं.

आणखी दोन गोष्टी. जळण आणि पाणी कुठून? आणि टोळधाडीत गव्हाचं काय झालं? मी कुठंतरी वाचलं की रशियातून आलेल्या जर्मनांचा ‘टर्की’ गहू टोळांतून वाचला. तो माझ्या माणसाच्या शेतात घालू का?

---

गव्हाळ

टर्की गहू घालू नका. तो कॅन्ससमध्ये १८७४ला आला, आणि आणला दक्षिण रशियातल्या, आजच्या युक्रेनमधल्या मोलोच्ना वसाहतीतून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी. हे जर्मन बोलणारे, पण जर्मनीतून आलेले नव्हेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रशियानं लष्करसेवेतून सूट देऊन बोलावलेले, आणि १८७४ला ती सूट गेल्यावर निघालेले. त्यांनी सांता फे रेल्वेची जमीन घेतली. व्होल्गाकाठचे जर्मन वेगळे, काळ्या समुद्राकडचे वेगळे, ते डाकोटात जास्त. तुमच्या ओल्डेनबर्गवाल्याचा यांच्याशी चर्चचा, बोलीचा, कशाचाच संबंध नाही.

गव्हाची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. टर्की सप्टेंबरात पेरायचा, हिवाळा बर्फाखाली काढायचा, जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला कापायचा. कोरड्या उन्हाळ्याआधी हातात येतो, हाच फायदा. पण दाणा इतका कठीण की दगडी जात्याच्या गिरण्यांना तो नीट दळवेना. कोंडा पिठात चुरडून जाई आणि गिरणीवाले भाव पाडून मागत. पोलादी रोलरच्या गिरण्या आल्यावर त्याचं भाग्य उघडलं. बर्नहार्ड वारकेंटिन या मेनोनाइट गिरणीमालकानं तो पसरवायला बरीच खटपट केली. म्हणजे ‘१८७४ला पेरला आणि कॅन्सस बदललं’ हे जरा ओढून-ताणून आहे. मध्ये वीस वर्षं गेली.

१८७४ला नेब्रास्कात तुमच्या माणसाकडे वसंतातला गहू आणि मका असणार. टोळ आले जुलैअखेर-ऑगस्टात. तोवर गहू-ओट बहुतेक कापून झालेले, म्हणून ते बरंचसं वाचलं. मका मात्र तुऱ्यात होता, तो काही तासांत दांड्यापर्यंत गेला. कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले, नुसती भोकं राहिली. घाम मुरलेले अवजारांचे दांडे आणि चामड्याचे पट्टे कुरतडले. रुळांवर चिरडलेल्या टोळांनी आगगाड्यांची चाकं घसरत. धूर करणं, झाडांवर चादरी टाकणं यांचा उपयोग झाला नाही, चादरीही खाल्ल्या.

लोक विसरतात ते पुढचं: टोळांनी अंडी घातली. ती कडक जमिनीत इंचभर खोल असतात, आणि पुढच्या वसंतात पंख नसलेली पिल्लं निघतात. मोठ्या टोळांवर इलाज नाही, पिल्लांवर आहे. शरदात खोल नांगरून अंडी गाडायची. आणि वसंतात पत्र्याच्या लांबट परातीला डांबर किंवा रॉकेल लावून ती घोड्यानं शेतातून ओढायची, पिल्लं उडी मारून त्यात अडकतात. ही परात १८७६-७७च्या सुमाराला जास्त दिसते, १८७५ला तुमच्या माणसाच्या हाती दिलीत तर मी भांडणार नाही.

दस्तऐवज यांनी सहा महिन्यांचा नियम सांगितला, त्याला इथं एक अपवाद जोडा. डिसेंबर १८७४च्या कायद्यानं टोळांनी पीक नेलेल्या होमस्टेडरांना १ जुलै १८७५पर्यंत दावा न गमावता बाहेर राहायची मुभा मिळाली. म्हणजे तो हिवाळ्यात आयोवात मका सोलायला जाऊ शकतो. बायको-मुलं मागं राहतील की सोबत जातील, ते तुम्ही ठरवा.

तारीखवार आणखी एक भेट: १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. नेब्रास्कात सकाळ उबदार होती, मग तीन दिवस हिमवादळ. बर्फ इतकं बारीक की गोठ्याच्या फटींतून आत भरलं आणि जनावरं गुदमरून मेली. १८७४पर्यंत थांबायची गरज नाही, तुमच्या माणसाचा बैल इथंच मरू द्या.

काटेरी तार काढून टाका. ग्लिडनचं तारेच्या शोधाचं पेटंट नोव्हेंबर १८७४चं. त्याआधी ओसेज ऑरेंजचं काटेरी झुडूप लावत, ते जनावर अडवण्याइतकं व्हायला चार-पाच वर्षं. पण नेब्रास्कात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच जनावरांच्या मालकानंच पिकाच्या नुकसानीची भरपाई द्यायची असा कायदा झाला होता, म्हणून कुंपणाशिवाय पेरता येई. मुलं गुरं राखत. सुतळीनं पेंढी बांधणारं कापणीयंत्रही नको, ते १८८०च्या आसपासचं. तुमच्या काळात पेंढ्या हातानंच बांधायच्या, मूठभर गव्हाच्या काड्यांचा पीळ देऊन.

---

तिफण

जळण. ओढ्याकाठचं लाकूड पहिल्या दोन वर्षांत संपे. मग वाळकं गवत पिळून त्याच्या जुड्या करायच्या. त्या भराभर जळतात, एक माणूस पिळायलाच बसलेला हवा. मक्याची बुरकुंडं. १८७२-७३च्या हिवाळ्यात मका इतका स्वस्त झाला की लोकांनी कोळसा घेण्याऐवजी कणसंच जाळली. रानातलं गवे-गुरांचं वाळलेलं शेणही वेचत. पण शेणाची शिस्तशीर जळणं करणारे ते गव्हाळ म्हणतात ते रशियातले जर्मन: हिवाळ्याचं शेण आणि पेंढा अंगणात पसरून घोड्यांकडून तुडवायचा, फावड्यानं विटा कापायच्या, उलटसुलट वाळवून रचायच्या. नाव ‘मिस्टहोल्झ’, शब्दशः शेणाचं लाकूड. थोडक्यात चौकोनी गोवऱ्या. त्यांच्या घरांत मधोमध विटांची मोठी भट्टी असे. ती दिवसातून दोनदा गवत-पेंढ्यानं पेटवली की विटा तासन्‌तास ऊब देत. ओल्डेनबर्गवाल्याकडे हे नसणार, त्याच्याकडे ओतीव लोखंडाची चूल.

पाणी: ओढ्याजवळ वीस-तीस फुटांवर लागे, उंच पठारावर शंभर-दोनशे फूट खाली. हातानंच खणायचं, माती बादलीनं वर, बाजूंना फळ्यांचा आधार. आधार नसेल तर वाळूचा थर लागला की विहीर खणणाऱ्यावर बसते. उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर खाली वाईट हवा साठली आहे, उतरायचं नाही.

---

हिशेबनीस

एक गैरसमज खोडून ठेवतो, नाहीतर कथेत ‘कष्टाळू जर्मन, आळशी यांकी’ येईल. जर्मन शेतकरी खत घालत, गुरं गोठ्यात बांधत, बायका शेतात राबत, हे शेजाऱ्यांनी नोंदवलेलं आहे. पण पिकं ते तिथलीच उचलत. टेक्सासात न्यू ब्राउनफेल्स, फ्रेडरिक्सबर्गकडे जर्मनांनी मका आणि कापूसच लावला, कारण बाजार त्याचाच. प्रेअरीच्या नव्या जमिनीला खत घातलं तर सुरुवातीला गहू माजून आडवा पडे, म्हणून शहाणा जर्मनही ते काही वर्षं ढिगातच ठेवी. फरक दिसतो तो एवढाच की ते जमीन सहसा विकत नसत. आणि सगळेच काही शेतकरी नव्हते. इलिनॉयमध्ये बेलव्हिलजवळ विद्यापीठात शिकलेले राजकीय निर्वासित शेतीला लागले, त्यांना शेजारी ‘लॅटिन शेतकरी’ म्हणून हसत.

परंपरेनं आणलेल्या बियाण्याचं एकच खणखणीत उदाहरण द्यायचं तर वेंडेलिन ग्रिम. बाडेनमधल्या क्युल्सहाइमचा, १८५७ला मिनेसोटात कार्व्हर काउंटीत आला, सोबत थोडंसं लसूणघासाचं बी. दर हिवाळ्यात बरीचशी रोपं गारठून मरत. तो जगलेल्यांचं बी धरून पुन्हा पेरत राहिला. वर्षानुवर्षं. शेवटी गोठणाऱ्या हिवाळ्यात टिकणारं वाण तयार झालं आणि १९००च्या सुमाराला कृषी संशोधकांनी त्याची दखल घेतली.

---

दस्तऐवज

कथा पुढं नेणार असाल तर म्हातारपणाचा कागद वापरा, तो फार कमी लोकांना माहीत असतो. जर्मन वस्त्यांत बाप मरेपर्यंत थांबत नसे. साठीच्या आसपास शेत एका मुलाच्या नावे करी आणि त्याच दिवशी मुलाकडून पोटगीचा करार लिहून घेई: घरातली अमुक खोली, वर्षाला इतकं पीठ, इतकं डुकराचं मांस, फोडलेलं सरपण दारात, एका गाईचा चारा, रविवारी चर्चला न्यायला गाडी, आजारपणात डॉक्टर. शिवाय बाकीच्या भावंडांना ठरलेली रक्कम ठरलेल्या हप्त्यांनी. मुलगा चुकला तर जमीन बापाकडे परत. हा सगळा कागद काउंटीच्या नोंदणी कार्यालयात रीतसर नोंदवलेला. जुनी जर्मन रीत, फक्त अमेरिकन गहाणखताच्या भाषेत घातलेली. मिनेसोटाच्या स्टर्न्स काउंटीत असे करार भरपूर आहेत. सरपण किती आणि कोणत्या लाकडाचं, हे सुद्धा कधी कधी लिहिलेलं. आपला मुलगा चांगला आहे म्हणून कुणी लिहायचं सोडत नसे.

आणि तुमचा माणूस १९१८पर्यंत जगणार असेल तर तो म्हातारा पहिले कागद करून थांबला होता की पूर्ण नागरिक झाला होता, हे आत्ताच ठरवा. होमस्टेडचं पेटंट घेतलं असेल तर नागरिक झालेलाच. रेल्वेची जमीन घेतली असेल तर नागरिकत्वाची अटच नव्हती, आणि बरेच जण कधीच पुढं गेले नाहीत. अशा माणसाला पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१८मध्ये, ‘शत्रुराष्ट्राचा परदेशी’ म्हणून नाव नोंदवावं लागलं, फोटो आणि बोटांच्या ठशांसह, पन्नास वर्षं तिथं शेती करूनही. शेजारच्या आयोवात तर राज्यपाल हार्डिंगनी मे १९१८मध्ये सार्वजनिक ठिकाणी, चर्चमध्ये आणि टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी केली. नेब्रास्कानं १९१९ला लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. हॅमिल्टन काउंटीतल्या चर्चच्या शाळेतल्या रॉबर्ट मेयर या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल दंड झाला, आणि तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९२३ला फिरवला.

तेव्हा ८० एकर होमस्टेड आणि शेजारचे ८० रेल्वेकडून हप्त्यानं, असं केलंत तर दोन्ही बाजू साधतील. फक्त सेक्शनचा क्रमांक देताना जपा: होमस्टेड सम क्रमांकात, रेल्वेची विषम क्रमांकात, आणि दोन्ही तुकडे सीमेवर लागून असायचे तर होमस्टेडचा तुकडा सेक्शनच्या कडेलाच घ्यावा लागेल, मधला चालणार नाही.

---

कोरडवाहू

सेक्शन १४ची पूर्वेकडची कड आणि तिला लागून सेक्शन १३ची पश्चिमेकडची, असं चालेल ना?

---

दस्तऐवज

चालेल. टाउनशिपमध्ये क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेला जातात, पुढची ओळ उलट्या दिशेनं, नागमोडी. दुसऱ्या ओळीत ७ ते १२ पश्चिमेकडून पूर्वेला, तिसऱ्या ओळीत १३ पूर्व टोकाला आणि १४ त्याच्या पश्चिमेला. म्हणजे तुम्ही लिहिलंय ते बरोबर.